पॉपाय, रिकामी फोटोफ्रेम आणि आमच्या वाडीतली पोरं

खाडीकाठ

गेल्या रविवारी आमच्या वाडीत पोरांना 'पॉपाय' दाखवला. पालक खाऊन दंड फुगवणाऱ्या खलाशाचं ते कार्टून नव्हे, त्यावरचा १९८० सालचा माणसांचा सिनेमा. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमन, पॉपाय झालाय रॉबिन विल्यम्स आणि त्याची मैत्रीण ऑलिव्ह झालीय शेली डुव्हाल. चार दिवस झाले, तो सिनेमा डोक्यातून जात नाहीये. कुणाशी तरी नीट बोलावं म्हणून धागा काढतेय.

आमचं गाव मालवण तालुक्यात, अगदी खाडीच्या तोंडाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बाहेर पाऊस, पोरं घरात बसून कावलेली. रापणीची जाळी ठेवतात त्या मांगरात चादर बांधली, शाळेतल्या गुरुजींनी त्यांचा प्रोजेक्टर दिला. पंचवीस-तीस पोरं, मागे बायका, दाराशी तीन-चार म्हातारे. त्यांत माझे आजोबा. वय ८६. आधी गलबतावर आणि नंतर आगबोटीवर खलाशी होते.

सिनेमा इंग्रजी, त्यात पॉपाय पुटपुटत बोलतो. पोरांना काय कळणार? म्हणून मी पडद्याच्या बाजूला उभी राहून मालवणीत सांगत गेले. पहिली दहा मिनिटं घसा सुकला, पण मग पोरंच पुढचं सांगायला लागली.

वादळातून एक माणूस होडी वल्हवत अनोळखी बंदराला लागतो. गावाचं नाव स्वीटहेवन. धक्क्यावर पाय ठेवतो न ठेवतो तोच करवसुलीवाला हजर. होडी बांधायचा कर, गावात नवा आल्याचा कर, प्रश्न विचारलास म्हणून त्याचाही कर! इथे मागच्या बायकांमधून जो हशा उठला तो पोरांच्या हशापेक्षा मोठा होता. पुढे पॉपाय त्या करवाल्याला घसरगुंडीवरून पाण्यात सोडतो तेव्हा मांगर दणाणला.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. हा पॉपाय आलाय कशाला, तर लहानपणी सोडून गेलेल्या बापाला शोधायला. ऑलिव्हच्या आईबापांच्या घरी तो भाड्याने खोली घेतो आणि बापाची फ्रेम लावतो. त्या फ्रेमीत फोटोच नाही. नुसता कागद, त्यावर 'माझा बापूस' अशा अर्थाचे दोन शब्द. बापाचा चेहरा त्याला माहीतच नाही.

मी ते वाचून दाखवलं तेव्हा पोरं हसली. हसण्यासारखंच आहे ते. पुढे बसलेला एक आठ वर्षांचा मुलगा मात्र हसला नाही. त्याचे वडील मालवाहू जहाजावर आहेत, नऊ-नऊ महिने घरी नसतात. त्याने विचारलं, "मगे तेका बापूस गावलो काय?" मी म्हटलं, "बघ हां, शेवटपर्यंत बस." आणि तो शेवटपर्यंत बसला. मध्ये भजी आली तेव्हाही उठला नाही.

हा सिनेमा फसला असं सगळीकडे वाचलं होतं. कार्टूनची मजा त्यात नाही म्हणे. मला वाटतं त्याच्याकडे चुकीच्या बाजूने पाहिलं गेलंय. तो एका बंदरगावाचा आणि बापलेकाचा सिनेमा आहे, आणि समुद्राकाठच्या माणसांना तो लगेच कळतो. तुम्हाला काय वाटतं?

रापण_वढणारो

मस्त लिवलंस गो. माका आधी सांग, आजोबा काय म्हणाले?

खाडीकाठ

आजोबांचं लक्ष गोष्टीवर नव्हतंच, घरांवर होतं. उतारावर एकावर एक चढलेली ती लाकडी घरं, वाकडी छपरं, शिड्या. म्हणाले, "खाऱ्या वाऱ्यात ही घरां दोन पावसाळे काय टिकाची नाय."

दर्यावर्दी

आजोबांना नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की ती घरं अजून उभी आहेत.

ते गाव माल्टा बेटावर खरोखर बांधलं होतं, अँकर बे नावाच्या छोट्या खाडीत. वुल्फ क्रोगर या कला-दिग्दर्शकाचं काम. माल्टात इमारती लाकूड फारसं नाही. म्हणून लाकूड नेदरलँड्सहून आणलं आणि छपराच्या फळ्या कॅनडाहून. १६५ माणसं सात महिने खपत होती. आणि आपल्याकडच्या लोकांना पटकन समजेल अशी गोष्ट म्हणजे लाटांनी सेट वाहून जाऊ नये म्हणून खाडीच्या तोंडाशी दोन-अडीचशे फुटांचा बंधारा घातला. सिनेमाच्या खोट्या गावासाठी खरा बंधारा! १९८० च्या जानेवारीपासून जूनपर्यंत तिथे चित्रीकरण चाललं. आज ते 'पॉपाय व्हिलेज' म्हणून पर्यटनस्थळ आहे. अर्थात डागडुजी सतत करावी लागत असणार, म्हणजे आजोबांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

खाडीकाठ, गावाबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण पटतं. कार्टूनमधला माणूस खऱ्या माणसात आणायचा तर नुसते दंड फुगवून भागत नाही. तो ज्या जगात वावरतो ते जगही त्याच्याइतकंच वाकडं हवं. खऱ्या न्यूयॉर्कच्या रस्त्यावर हा पॉपाय उभा केला असता तर तो वेष चढवलेला माणूस वाटला असता. त्या गावात तो गावकरी वाटतो.

आंबोळी

मी थोडा विरोधी सूर लावते, रागावू नका.

मी हा सिनेमा माझ्या दोन मुलांना रत्नागिरीत घरी दाखवला होता. अर्ध्या तासात दोघं उठून गेली. गाणी सुरेल नाहीत, चाल संथ, आणि पॉपाय काय बोलतो ते मोठ्यांनाही कळत नाही. लहान मुलांना कार्टूनमध्ये काय आवडतं? पालकाचा डबा फुटला, दंड फुगला, पॉपायचा धिप्पाड वैरी ब्लुटो उडाला. सात मिनिटांत खेळ खलास. इथे पालक येतो थेट शेवटी! पॉपायला पालक आवडतच नाही, ब्लुटो त्याला छळायला म्हणून तो तोंडात कोंबतो. एवढा वेळ मुलांनी थांबायचं?

त्यापेक्षा १९९४ चा 'द फ्लिन्टस्टोन्स' बघा. पायाने पळवायची दगडी गाडी, घरात पाळलेला डायनासोर, जॉन गुडमन तर हुबेहूब फ्रेड. जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेने बनवलेले प्राणी आहेत. १९६० सालचं कार्टून जसंच्या तसं समोर उभं राहतं. माझी मुलं ते तीनदा बघतात.

दर्यावर्दी

आंबोळीताई, रागावायचं काय त्यात. फ्लिन्टस्टोन्सचं दृश्यरूप सुंदर आहे हे मान्य. पण त्याची गोष्ट आठवा. फ्रेडला कंपनीत बढती मिळते आणि त्याच्या आडून वरचा साहेब पैशांची अफरातफर करतो. मुलांना यात काय रस? त्या पटकथेला तिसाहून अधिक लेखकांचे हात लागले होते आणि ते जाणवतं. कार्टूनची प्रत्येक वस्तू आणली, पण गोष्ट मात्र ऑफिसातली आली. पॉपायमध्ये वस्तू कमी आहेत, पण मुलाला विचारता येईल असा एक प्रश्न आहे, 'बापूस गावलो काय?' तुमची मुलं फ्लिन्टस्टोन्स तीनदा बघतात ती गाडीसाठी बघतात, हे मात्र खरं.

आंबोळी

गाडीसाठीच. आणि त्यात वाईट काही नाही असं माझं ठाम मत आहे.

सुरंगीचा_वळेसार

पुटपुटण्याबद्दल. ते मूळ कार्टूनातूनच आलंय. १९३३ पासून फ्लायशर स्टुडिओने पॉपायची कार्टून काढली. तिथे बहुतेक वेळा चित्रं आधी पुरी व्हायची आणि आवाज नंतर भरायचे. जॅक मर्सर नावाचे कलाकार पॉपायचा आवाज द्यायचे. ओठ हलत नसतानाही ते मनाने काहीबाही पुटपुटायचे आणि लोकांना तेच सर्वांत जास्त आवडायला लागलं. रॉबिन विल्यम्सने तेच उचललं. पण खऱ्या चित्रीकरणात तोंडात पाइप धरून केलेलं ते पुटपुटणं ऐकूच येईना, म्हणून बरेच संवाद त्याला पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले.

म्हणजे खाडीकाठ, पडद्याशेजारी उभं राहून तू जे केलंस ते मर्सर यांच्या कामाच्या जवळचं आहे. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे. आणि आपल्याकडे तर ही रीत फार जुनी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी करतात. कागदावर रंगवलेली चित्रं एकामागून एक समोर धरायची आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. तेच लोक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतात, चामड्याच्या बाहुल्यांचाही. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली. मी लहानपणी तो खेळ पाहिलाय. चित्रातला राम बाहुलीतही तोच राम होता, मला एकदाही शंका आली नाही. का आली नाही याचा विचार मी तुझा धागा वाचून आज पहिल्यांदा केला. सांगणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे एकच होता, म्हणून.

कुळथाची_पिठी

वळेसार यांनी पिंगुळी काढलीच आहे तर मी दशावतार काढतो. तीस वर्षं जत्रांत रात्र रात्र जागून बघतोय.

कार्टूनचा माणूस कसा करायचा हे दशावतारवाल्यांना कुणी शिकवायला नको. सुरुवातीचा आडदशावतार घ्या. गणपती येतो, तो सोंडेच्या मुखवट्याने. मोरावर सरस्वती येते. मग काळा पोशाख केलेला संकासुर. तो वेद चोरणारा राक्षस, पण बोलतो मालवणी आणि लोक हसून हसून बेजार. मग मूळ आख्यान सुरू होतं. रंगमंचावर काय असतं? एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. आणि तरी राजा आत आला की अंगावर काटा येतो. कारण त्याची चाल. तो साध्या माणसासारखा चालतच नाही. खांदे, मान, पावलांचा ठेका, सगळं मृदंगाला बांधलेलं.

शेली डुव्हाल नीट बघा. ऑलिव्ह कागदावर एक उभी रेघ आहे, खाली मोठे बूट. डुव्हाल तशीच चालते, कोपर आणि गुडघे वेगवेगळ्या दिशेला. मुखवटा नाही, तंत्र नाही, फक्त अंग. ऑल्टमनने गावकरी म्हणूनही सर्कशीतले विदूषक आणि कसरतपटू घेतले होते. बिल अर्विन त्यातलाच, ऑलिव्हचा जुना मित्र हॅम ग्रेव्ही झालेला. मागच्या गर्दीकडे बघत सिनेमा पुन्हा पाहा. कुणी टोपीमागे धावतोय, कुणी पडता पडता सावरतोय, कुणाचंही अंग स्वस्थ नाही. ही माणसं नाटक कंपनीची आहेत हे मला पाच मिनिटांत कळलं.

आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हेही इथे सांगतो. आख्यान कुठलं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, बाकी सगळं उभ्या उभ्या. ऑल्टमनही नटांना मोकळं सोडणारा दिग्दर्शक होता. पटकथा ज्युल्स फायफर यांची, म्हणजे स्वतः व्यंगचित्रकार असलेल्या माणसाची. त्या दोघांच्या ओढाताणीत सिनेमा मध्ये सैल पडतो, आंबोळीताई म्हणतात ते त्या भागाला लागू आहे. घोड्यांच्या शर्यतीचा भाग मला स्वतःला लांबलेला वाटतो.

माडाखाली

मराठीत 'चिंटू' झाला होता की. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची १९९१ पासूनची चित्रमालिका, श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली त्यावर सिनेमा केला, पुढच्या वर्षी दुसरा भागही आला. मला दोन्ही आवडले. चिंटू मुळात शेजारच्या घरातला मुलगा आहे, त्यामुळे खऱ्या मुलात त्याला आणणं सोपं. पॉपायसारखं अंगच वेडंवाकडं असलेलं पात्र आणणं फार अवघड. दोन्हींची तुलना एकाच मापाने करू नये असं वाटतं.

आंबोळी

कुळीथ, डुव्हालबद्दल बरोबर. ती मलाही आवडली होती. साखरपुड्याच्या दिवशी तिला होणाऱ्या नवऱ्याबद्दल, म्हणजे ब्लुटोबद्दल काहीतरी चांगलं सांगायचं असतं आणि 'तो मोठा आहे' यापलीकडे काही सुचत नाही, ते गाणं माझ्या धाकटीने नंतर आठवडाभर म्हटलं.

खाडीकाठ

पालकाचं एक राहिलं. पोरांना पालक काही जवळचा नाही. आमच्याकडे माठ, शेवग्याचा पाला, अळू आणि पावसात टाकळा. म्हणून मी डब्यात 'टाकळ्याची भाजी' आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक वहिनी सांगत आल्या, पोराने आपणहून टाकळा मागून खाल्ला. टाकळा तर आमच्या पायवाटेवर उगवतो, आणून पोटभर घातला.

शेवटी ऑलिव्हला मोठ्ठा ऑक्टोपस धरतो. पोरं एका आवाजात ओरडली, "म्हाकूल! म्हाकूल!" म्हाकूल म्हणजे खरं तर स्क्विड, पण मी चूक सुधारली नाही.

सुरंगीचा_वळेसार

टाकळा उत्तम. मी आहाराच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सांगते. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह साधारण २.७ मिलिग्रॅम असतं, पण त्यातल्या ऑक्झलेटसारख्या घटकांमुळे शरीराला त्यातलं थोडंच मिळतं. जोडीला लिंबू पिळावं, फायदा होतो. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालक लोहासाठी प्रसिद्ध झाला आणि म्हणून पॉपायच्या हाती आला ही गोष्ट सगळीकडे फिरते, पण तिला आधार सापडत नाही. मूळ चित्रमालिकेत पॉपाय पालकाचं कौतुक करतो ते अ जीवनसत्त्वासाठी. आणि ते पालकात खरंच भरपूर असतं.

दर्यावर्दी

आणखी मागे गेलात तर पालकही नाही! ई. सी. सीगर यांच्या 'थिम्बल थिएटर' या चित्रमालिकेत पॉपाय पहिल्यांदा आला १७ जानेवारी १९२९ ला. मालिका तेव्हा दहा वर्षं जुनी होती. ऑलिव्ह, तिचा भाऊ, तो हॅम ग्रेव्ही, सगळे आधीपासून होते. त्यांना जहाज चालवायला एक खलाशी हवा होता, म्हणून धक्क्यावरून हा उचलला. चार दिवसांचं पात्र म्हणून आला आणि वाचकांनी त्याला जाऊच दिलं नाही. त्या पहिल्या गोष्टीत त्याची ताकद पालकातून येत नाही. बर्निस नावाची एक जादूची कोंबडी असते, तिच्या डोक्यावर हात फिरवून तो गोळ्या लागूनही वाचतो.

म्हणजे भाड्याने घेतलेला खलाशीच पुढे सगळ्या गोष्टीचा मालक झाला. आपल्या बंदरांत अशी किती माणसं निघतील, तांडेल (होडीचे प्रमुख) होऊन घर उभं केलेली.

रापण_वढणारो

कोंबडी! ह्या माका म्हायतच नव्हता. पोरांका सांगूक व्हया.

खाडीकाठ, त्या झिलाचा काय झाला ता सांगलंस नाय. बापूस गावलो तेव्हा तो काय म्हणालो?

खाडीकाठ

सांगते. पॉपायचा बाप त्याच्या स्वतःच्याच जहाजावर ब्लुटोने बांधून ठेवलेला सापडतो. पण भेट काही गोड होत नाही. बाप आधी ओळखच देत नाही, मग खेकसतो, मुलांवर चिडलेलं एक गाणंही म्हणतो. मी ते मालवणीत सांगताना जरा मऊ करावं की नाही या विचारात होते. मऊ नाही केलं. तो मुलगा ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमचो पण येता तेव्हा पयले दोन दिवस असोच करता. मगे बरो होता."

त्यावर दाराशी बसलेले आजोबा म्हणाले, "खरा हा." एवढंच. माझ्या वडिलांच्या लहानपणी आजोबा आठ-दहा महिने बाहेर असायचे. ते दोन शब्द त्यांनी कुणाला उद्देशून म्हटले मला माहीत नाही. बाबा तिथेच भज्यांची परात घेऊन उभे होते. काही बोलले नाहीत, आजोबांच्या पुढ्यात परात धरली.

आता पोरांनी ठरवलंय की चतुर्थीला पॉपायचं नाटक करायचं, दशावतारासारखं, बाकड्यावर. त्या मुलाला मी पॉपाय होशील का विचारलं. नको म्हणाला. त्याला बापूस व्हायचंय.

मला मदत हवीय ती हातांसाठी. सिनेमात रॉबिन विल्यम्सचे हात कोपरापासून खाली फुगलेले आहेत, ते नकली मांसाचे बनवले होते. आम्ही काय करायचं? काथ्या भरावा म्हणतेय.

कुळथाची_पिठी

काथ्या नको, घामाने खाजेल आणि पोरगं दुसऱ्या प्रवेशात हात काढून टाकेल. शेवरीचा कापूस भरा. जुन्या पायमोज्याच्या दोन नळ्या करा, एकात एक, मध्ये कापूस, आणि मनगटाशी बारीक नाडी घाला. रंग लावू नका, कपडा अंगाच्या रंगाचाच घ्या. आणि एक लक्षात ठेवा, हात मोठे केलेत की चालही बदलायला हवी. दंड अंगापासून लांब, पावलं फाकलेली. आधी चाल बसवा आणि मग हात चढवा. उलटं केलंत तर पोरगं हातांकडेच बघत बसतं.

मृदंगवाला आहे का? नसेल तर मी एकाशी बोलतो, आमच्याच गावचा आहे.

खाडीकाठ

मृदंग नाहीये. बोला, प्लीज.

आंबोळी

पायाने पळवायची गाडी घेणार असाल तर पुठ्ठ्याची बनवून माझी मुलं घेऊन येतील. पॉपायमध्ये गाडी नाही हे माहीत आहे, पण ती दोघं ऐकायची नाहीत.

खाडीकाठ

ताई, घेऊन या. करवसुलीवाल्याला गाडीतून आणू.

रापण_वढणारो

कोंबडी माझी. खरी. गरीब आसा, हातात धरलास तर गप रवता. चतुर्थीची तिकिटां काढलंय, आदल्या दिवशी सकाळी पोचतंय.